टीएसएच नॉर्मल आल्यानंतरची विचारपूस

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

थायरॉइडच्या आजाराविषयी वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पानांवर अधूनमधून मजकूर येतो. गोळी नियमित घ्यावी, ठरावीक काळाने रक्त तपासून घ्यावे, वजन आटोक्यात ठेवावे, असा सल्ला त्यात बहुधा असतो आणि तो योग्यच आहे. मात्र ज्यांची थायरॉइड ग्रंथी त्यांच्याच रोगप्रतिकारक यंत्रणेच्या हल्ल्याने बिघडलेली असते, अशा रुग्णांना एवढा सल्ला पुरत नाही. आणि जिथे आहारातून आयोडीन पुरेसे मिळते तिथे थायरॉइड मंदावण्याचे सर्वांत मोठे कारण हा हल्लाच असतो. मी स्वतः हाशिमोटो थायरॉइडायटिसची, म्हणजे या हल्ल्याने थायरॉइड मंदावणाऱ्या आजाराची, जुनी रुग्ण आहे आणि माझ्या धाकट्या बहिणीला ग्रेव्हज डिसीज, म्हणजे थायरॉइड अति काम करू लागण्याचा आजार आहे. या दोन्ही आजारांसोबत राहताना जे कळले त्यावरून माझे ठाम मत झाले आहे, की टीएसएचचा (मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला कामाला लावण्यासाठी जे संप्रेरक म्हणजे हार्मोन सोडते त्याचा; थायरॉइड मंदावली की तो वाढतो) आकडा मर्यादेत आला म्हणजे उपचारांतले एक काम पार पडले एवढेच समजावे. रुग्णाची विचारपूस तिथे थांबू नये.

हे मत का झाले ते सांगण्यासाठी आजाराच्या मुळाशी थोडे जावे लागेल. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या सुजलेल्या थायरॉइड ग्रंथींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या ग्रंथींमध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाटी झाली होती. ती कशामुळे झाली असावी याचा उलगडा मात्र पुढे चार दशकांहून अधिक काळ झाला नाही. १९५६ मध्ये लंडनच्या संशोधकांना अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉइडमधील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज, म्हणजे एरवी जंतूंवर हल्ला करणारी प्रथिने) आढळली आणि शरीर स्वतःच्याच अवयवाविरुद्ध उठू शकते हे मान्य करणे वैद्यकशास्त्राला भाग पडले. ग्रेव्हजमध्ये याच बिघाडाचा परिणाम उलटा दिसतो. तिथे प्रतिपिंडे ग्रंथी नष्ट करत नाहीत, तर टीएसएच ज्या जागी बसून ग्रंथीला कामाला लावते त्याच जागी ती स्वतः बसतात आणि ग्रंथीला अहोरात्र राबवत राहतात. त्यामुळे माझे हातपाय गार पडतात आणि बहिणीला घाम फुटतो; माझी नाडी संथ होते आणि तिची धावत सुटते. एकाच घरात असे दोन परस्परविरोधी आजार कसे, असे नातेवाईक नवलाने विचारतात. दोन्हींचे मूळ एकच असल्याने आणि ते मूळ बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्याने यात नवल काही नाही. हे दोन्ही आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कित्येक पटींनी अधिक आढळतात.

हाशिमोटोच्या रुग्णाला दिली जाणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी ग्रंथीने जे संप्रेरक बनवायला हवे होते ते बाहेरून पुरवते. ती उत्तम गोळी आहे आणि ती नसती तर माझे काय झाले असते याचा विचारही करवत नाही. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्लिश डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका स्त्रीवर उपचार केले आणि ती पुढे २८ वर्षे जगली. त्यापूर्वी अशा रुग्णांसाठी काहीच उपाय नव्हता. तथापि ही गोळी उणीव भरून काढते, रोगप्रतिकारक यंत्रणेचा बिघाड दुरुस्त करत नाही. तो बिघाड शरीरात राहतोच आणि काही रुग्णांत तो थायरॉइडपुरता मर्यादित राहत नाही. निदानाच्या दिवशी रुग्णाला नेमके हेच सांगितले जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

माझेच उदाहरण देते. गोळीचा डोस बसलेला होता, टीएसएच मर्यादेत होते आणि तरीही दुपारनंतर मला बोलण्याचेसुद्धा त्राण उरत नसे. दर भेटीत रिपोर्टवर नजर टाकून ‘सगळे नॉर्मल आहे, फार विचार करू नका’ एवढेच सांगितले जाई. पुढे एका तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून मला जीभ दाखवायला सांगितली. ती लालसर आणि गुळगुळीत झाली होती, तिच्यावरची नेहमीची खरखर जवळजवळ गेली होती. मग त्यांनी नादकाटा वाजवून माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि कंप जाणवतो का असे विचारले. अंगठ्यावर मला काहीच जाणवत नव्हते. गुडघ्यापाशी टेकवल्यावर मात्र स्पष्ट जाणवले. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेले निघाले. माझ्या जठरातील आम्ल तयार करणाऱ्या पेशींवरही प्रतिपिंडांचा हल्ला चालू होता आणि त्यामुळे अन्नातले बी-१२ शरीरात शोषलेच जात नव्हते. इंजेक्शने सुरू झाल्यावर काही आठवड्यांत मला माझ्यात फरक जाणवू लागला. पायांची बधिरता जायला पुष्कळ वेळ लागला, आणि बी-१२ची उणीव फार काळ दुर्लक्षित राहिली तर मज्जातंतूंची ही हानी कायमची होऊ शकते. म्हणूनच जीभ पाहण्यासाठी लागलेली ती दोन मिनिटे मला आजही फार मोलाची वाटतात.

जठराच्या या विकाराचा थायरॉइडच्या गोळीशीही थेट संबंध आहे. गोळी नीट विरघळून शोषली जाण्यासाठी जठरातले आम्ल लागते; ते कमी पडले की पूर्वीचा डोस अपुरा ठरू लागतो. लहान आतड्याला गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन सोसत नाही अशा सिलिअॅक या विकारातही हेच घडते. तो विकारसुद्धा स्वयंप्रतिकारातूनच, म्हणजे शरीराच्या स्वतःवरच्या हल्ल्यातूनच, येतो आणि थायरॉइडच्या अशा रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळतो. तेव्हा एखादा रुग्ण नेमाने गोळी घेत असूनही त्याचा डोस वाढवतच न्यावा लागत असेल, तर नुसता डोस वाढवून त्याला घरी पाठवू नये. गोळी शोषली का जात नाही याचा शोध घ्यावा. त्या शोधात पोटाचा असा एखादा विकार वेळेवर सापडू शकतो.

याच गोतावळ्यात टाइप १ मधुमेह, कोड, डोक्यावर चाई पडणे, संधिवाताचा ऱ्हूमेटॉइड आर्थ्रायटिस हा प्रकार आणि डोळे व तोंड कोरडे पाडणारा श्योग्रेन सिंड्रोम हे विकारही येतात. यांतले सर्व विकार सर्वांना होत नाहीत. बहुतेक रुग्णांना थायरॉइडखेरीज दुसरे काहीच होत नाही आणि हे यादी वाचून घाबरणाऱ्यांना आवर्जून सांगायला हवे. सरसकट प्रत्येक रुग्णाच्या डझनभर तपासण्या कराव्यात असेही माझे म्हणणे नाही. त्यातून भीती आणि खर्च याखेरीज फारसे हाती लागत नाही. रुग्णाला काय होते ते नीट ऐकावे, घरात कोणाला काय आहे ते विचारावे आणि त्यावरून काय तपासायचे ते ठरवावे, एवढीच अपेक्षा आहे.

एका विकाराचा मात्र वेगळा उल्लेख केला पाहिजे, कारण तो विरळ असला तरी त्यात चूक झाली तर जिवावर बेतते. अॅडिसन या विकारात मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे जीवनावश्यक संप्रेरक पुरेसे बनवू शकत नाहीत. थायरॉक्सिनमुळे, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या संप्रेरकामुळे, शरीरातले कॉर्टिसॉल अधिक वेगाने खर्ची पडते. त्यामुळे हा विकार लक्षात न येता थायरॉइडची गोळी सुरू झाली तर रुग्ण बरा होण्याऐवजी एकाएकी ढासळू शकतो; अशा रुग्णाला आधी कॉर्टिसॉलची उणीव भरणारे स्टेरॉइड देऊन मग थायरॉक्सिन द्यावे लागते. वजन वाढण्याऐवजी घटत असेल, त्वचा आणि हिरड्या काळवंडत असतील, उभे राहताच भोवळ येत असेल, मीठ खाण्याची विलक्षण इच्छा होत असेल, तर ‘हा थायरॉइडचाच थकवा’ असे समजून थांबू नये.

आता गोळी घेण्याविषयी. ‘उपाशीपोटी घ्या’ एवढे सांगून चिठ्ठी हातात ठेवली जाते. पण उपाशीपोटी म्हणजे पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य तर एक तास, चहा-कॉफीसुद्धा नाही, हे कोणी सांगत नाही. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये व या गोळीमध्ये चार तासांचे अंतर हवे, हेही सांगितले जात नाही. थायरॉइडच्या स्त्री-रुग्णांना कॅल्शियम आणि लोह अनेकदा त्याच चिठ्ठीवर लिहून दिलेले असते, आणि सगळ्या गोळ्या सकाळी एकदमच घेतल्या जातात. सकाळ ज्यांना जमत नाही त्यांनी रात्री जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घेतली तरी चालते. वेळ रोज एकच असली म्हणजे झाले. या औषधाचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून एखाद्या दिवशी गोळी राहून गेली तर घाबरण्याचे कारण नाही. त्याच कारणाने डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबल्याशिवाय टीएसएच तपासण्यात अर्थ नसतो. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांमुळे तर कित्येक प्रयोगशाळांत थायरॉइडचे आकडेच खोटे येतात आणि चांगल्या रुग्णाला ग्रेव्हज झाल्यासारखा रिपोर्ट हाती पडतो. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे. ‘बायोटिन घेता का?’ हा एक प्रश्न रक्त घेतानाच्या अर्जावर छापणे प्रयोगशाळांना अवघड नाही.

थकवा जात नाही म्हणून डोस वाढवत राहणे हा मला सर्वांत धोक्याचा मार्ग वाटतो. योग्य गोळी घेऊन आणि टीएसएच मर्यादेत राहूनही सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांना थकवा, विसराळूपणा किंवा मंदपणा जाणवत राहतो. त्यांचे म्हणणे खरे असते. पण त्यावर उपाय म्हणून डोस वाढवत टीएसएच अगदी शून्याच्या जवळ नेले, तर हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा धोका वाढतो आणि हाडे, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, ठिसूळ होत जातात. वयस्कर व्यक्तींबाबत तर अधिकच सबुरी हवी. वयानुसार टीएसएच थोडे वाढतेच. ६५ वर्षांवरील ज्या व्यक्तींचे टीएसएच किंचित वाढलेले असते अशांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, लेव्होथायरॉक्सिन दिल्याने लक्षणांत काहीही फरक पडला नव्हता. अशा वेळी थकव्याचे कारण दुसरीकडे शोधावे: लोहाची कमतरता, बी-१२, झोपेत श्वास अडखळणे, मासिक पाळीत होणारा अतिरिक्त रक्तस्राव, किंवा नैराश्य.

नैराश्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ते सर्वांत जास्त दडवले जाते. थायरॉइड मंदावली की मन खिन्न होते आणि विचारांवर धुके पसरते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण संप्रेरक पूर्ववत झाल्यावरही खिन्नता उरली, तर घरचे तिला आळस म्हणतात आणि डॉक्टर तिला टेन्शन म्हणतात. रुग्ण मग बोलणेच सोडून देतो. बाळंतपणानंतर तर हे फारच घडते. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात सुमारे ५ टक्के स्त्रियांच्या थायरॉइडला याच स्वयंप्रतिकारातून सूज येते. आधी काही आठवडे धडधड, चिडचिड आणि निद्रानाश, मग त्यापाठोपाठ गळून गेल्यासारखी मरगळ, असा तिचा क्रम असू शकतो. बाळाच्या जागरणांमुळे असे होणारच, असे म्हणून सगळे तिची समजूत घालतात. एक साधी रक्ततपासणी केली तर खरे कारण कळू शकते, आणि अनेक स्त्रियांमध्ये ही सूज आपोआप ओसरते हे सांगून त्या बाईला धीरही देता येतो.

गरोदरपणाबद्दलही हेच. पहिल्या तिमाहीत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करू लागलेली नसते. मेंदूच्या वाढीला लागणारे संप्रेरक त्याला आईकडूनच मिळते. आईची गरज त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांतच सुमारे एक चतुर्थांश ते निम्म्याने वाढते. गरोदरपणाच्या नोंदणीसाठी दवाखान्याची तारीख मिळेपर्यंत थांबले तर हाच काळ हातचा जातो. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या प्रत्येक रुग्णेला, गर्भधारणा समजताच डोस किती वाढवायचा आणि रक्त कधी तपासायचे, हे आधीच लिहून दिलेले असावे.

बहिणीच्या आजाराबद्दल दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. ग्रेव्हजसाठी तिला कार्बिमाझोल हे औषध सुरू झाले. या औषधाने फार थोड्या रुग्णांत, पण अचानक, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात. हे औषध चालू असताना ताप आला, घसा दुखू लागला किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रक्तातील पेशींची मोजणी करून घ्यायची असते. बहिणीला हे पहिल्याच दिवशी एका कागदावर ठळक लिहून मिळाले होते आणि तो कागद तिने औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. असा कागद प्रत्येकाला मिळायला हवा. दुसरी गोष्ट डोळ्यांची. ग्रेव्हजमध्ये डोळ्यांमागच्या स्नायूंना आणि चरबीला सूज येऊन डोळे पुढे येऊ शकतात, ते नीट मिटत नाहीत, एकाचे दोन दिसू लागतात. रक्तातले आकडे सुधारले तरी डोळ्यांचा त्रास स्वतंत्रपणे चालू राहू शकतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून वेगळी तपासणी लागते. धूम्रपानाने हा त्रास निश्चितपणे बळावतो आणि उपचारांचा परिणामही कमी होतो. साधारण वर्ष-दीड वर्षाच्या गोळ्यांनंतर औषध थांबवले की जवळपास निम्म्या रुग्णांत आजार पुन्हा डोके वर काढतो. त्या वेळी किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया यांतून काय निवडायचे हे ठरवताना डोळ्यांची स्थिती विचारात घ्यावी लागते, कारण किरणोत्सारी आयोडीनने डोळे आणखी बिघडू शकतात.

‘सगळे नॉर्मल आहे’ या उत्तराने निराश झालेला रुग्ण शेवटी कुठे जातो, हेही सांगायला हवे. तो ‘थायरॉइड मुळापासून बरे करतो, गोळी कायमची सोडवतो’ असे म्हणणाऱ्याच्या दारात जातो. त्या माणसाने त्याचे पाऊण तास ऐकून घेतलेले असते आणि त्याची खरी ताकद तीच असते. तिथे प्रतिपिंडांचा आकडा दर तीन महिन्यांनी तपासायला लावला जातो. वास्तविक निदान पक्के झाल्यावर तो आकडा वरखाली झाल्याने उपचारांत काहीच बदलत नाही. सेलेनियम या खनिजाच्या गोळ्यांनी तो आकडा काही चाचण्यांत उतरलेला दिसला आहे, पण त्यामुळे रुग्णाला भरवशाने बरे वाटते असे सिद्ध झालेले नाही. थायरॉइडसाठी चांगले म्हणून आयोडीनचे किंवा समुद्रशैवालाचे अर्क दिले जातात, तर जास्तीच्या आयोडीनने हाशिमोटो उलट बळावू शकतो. ग्लुटेन बंद करायला सांगितले जाते, पण सिलिअॅकची रक्ततपासणी त्याआधी व्हायला हवी. ग्लुटेन सोडल्यानंतर ती तपासणी खोटी नकारार्थी येऊ शकते आणि खरा विकार असला तरी झाकला जातो. सर्वांत वाईट म्हणजे गोळी एकदम बंद केली जाते. औषध शरीरात हळूहळू उतरत असल्याने पहिले काही दिवस काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही, आणि तोच पुरावा मानला जातो. ज्यांची ग्रंथी पूर्ण निकामी झालेली असते, विशेषतः वृद्ध माणसे, त्यांच्यात पुढे एखाद्या जंतुसंसर्गाच्या निमित्ताने शरीर गार पडून शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

डॉक्टरांच्या वेळेवरचा ताण मला समजतो. म्हणून मी जास्त वेळ मागत नाही. निदानाच्या दिवशी चिठ्ठीवर ‘थायरॉइड’ एवढेच न लिहिता आजाराचे पूर्ण नाव लिहावे, तो स्वयंप्रतिकाराचा आहे हे एका वाक्यात सांगावे, आणि गोळी कशी घ्यायची व कोणत्या लक्षणांनंतर पुन्हा यायचे हे छापलेल्या अर्ध्या पानावर द्यावे. वर्षातून एकदा तरी रिपोर्ट पाहण्याआधी ‘कसे वाटते?’ असे विचारावे. रुग्णांनीही घरातल्या रक्ताच्या नात्यांत कोणाला मधुमेह, कोड, बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइड आहे याची टिपण करून ती डॉक्टरांना दाखवावी. गळ्याची गाठ काही आठवड्यांतच भराभर वाढू लागली किंवा आवाज बसला, तर ‘माझे तर जुनेच थायरॉइड आहे’ म्हणून थांबू नये. हाशिमोटोच्या रुग्णांत क्वचितच, पण ग्रंथीत लिम्फोमा हा कर्करोग होऊ शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

आपल्या आरोग्यविषयक पानाकडे माझी एक विनंती आहे. थायरॉइडविषयी पुढचा मजकूर छापाल तेव्हा त्यासोबत एका ठळक चौकटीत कार्बिमाझोल घेताना येणारा ताप, गर्भधारणा समजताच वाढवायचा डोस, कॅल्शियम व लोहापासूनचे चार तासांचे अंतर आणि तपासणीपूर्वी थांबवायचे बायोटिन, या चार गोष्टी तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घेऊन अवश्य द्याव्यात. अशी चौकट कापून औषधांच्या डब्यात ठेवणारे वाचक पुष्कळ आहेत.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक